कचऱ्याचे वजन आणि कचऱ्याची ओळख

पावसाळ्यात हिंदमाता तुंबले की वर्तमानपत्रांतून छायाचित्रे झळकतात आणि गटारात अडकलेल्या पिशव्यांवर ठपका ठेवून आपण मोकळे होतो. वास्तविक हा भाग बशीसारखा खोलगट आहे, हे पाणी साचण्याचे मूळ कारण. 2016 मध्ये सुरू झालेले ब्रिटानिया उदंचन केंद्र आणि त्यानंतर परिसरात बांधलेल्या भूमिगत टाक्या हे त्यावरचेच उपाय होत. परंतु जाळ्यांशी येऊन अडकणारा कचरा किती व कोणत्या जातीचा, हे सांगणारा आकडा कोणाच्या तोंडी नसतो.

महानगरपालिकेला कचऱ्याचे वजन ठाऊक आहे. गाडी भरलेली असताना एकदा आणि रिकामी झाल्यावर एकदा काट्यावर चढते. दोहोंतील फरक तो कचरा. मुंबईचा हा रोजचा आकडा 2015 च्या सुमारास साडेनऊ हजार टनांच्या आसपास होता, तो पुढील काही वर्षांत सात हजारांच्या घरात आला. मुंबईकर एकाएकी काटकसरी झाले, असे मानायला मन धजत नाही. ओला-सुका वेगळा करण्याच्या मोहिमेचा यात वाटा असेलही; पण कंत्राटदाराचे बिल टनावर निघत असल्याने घरगुती कचऱ्यात राडारोडा मिसळण्याचे प्रकार 2017 मध्ये उघडकीस आले होते, हेही विसरता येत नाही. काट्याला वीट आणि भाजीचा देठ यांतला भेद कळत नाही.

म्हणून वजनाच्या पुढे जाऊन कचरा उघडून पाहावा लागतो. त्याची रीत तशी साधी आहे. ढिगाच्या आतून-बाहेरून निरनिराळ्या ठिकाणचा कचरा घेऊन तो नीट कालवायचा, सपाट पसरायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि उरलेले पुन्हा कालवायचे. हाताळता येईल एवढा नमुना उरला की अन्न, कागद, प्लास्टिक, चिंध्या, काच, धातू, माती अशी निवड करून प्रत्येकाचे वजन घ्यायचे. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सारी शिते सारखी असतात. कचऱ्याचे तसे नाही. हिंदमात्याच्या कापडबाजारातून निघणारे खोके, प्लास्टिकचे वेष्टन आणि चिंध्या एक सांगतील. हाकेच्या अंतरावरील दादरची फुलमंडई दुसरेच सांगेल. आणि परळच्या चाळीतील डबा तिसरे. शिवाय नमुना कोठे घेतला यावरही उत्तर बदलते. पुठ्ठा, बाटली, पत्रा हे कचरा वेचणाऱ्या बायका वाटेतच काढून घेतात. क्षेपणभूमीवरचा नमुना त्यामुळे घरातल्या डब्याची साक्ष देऊ शकत नाही आणि या बायकांचे श्रम त्यात कोठेच नोंदले जात नाहीत.

नागपूरच्या ‘नीरी’ने सत्तरच्या दशकाच्या आरंभी भारतीय शहरांचा कचरा तपासला तेव्हा त्यात जवळजवळ निम्मी राख व बारीक माती होती, प्लास्टिक एक टक्काही नव्हते. चुली आणि कोळशाच्या शेगड्या गेल्या, तशी राखही गेली. 2004-05 च्या पाहणीत मुंबईच्या कचऱ्यात कुजणारा भाग 62.44 टक्के, पुन्हा वापरता येणारा 16.66 टक्के आणि ओलावा 54 टक्के आढळला. म्हणजे कचऱ्याच्या गाडीतून आपण निम्म्याहून अधिक पाणीच वाहून नेत होतो!

हे टक्के केवळ अहवालाची शोभा नव्हेत. दिल्लीत तिमारपूर येथे ऐंशीच्या दशकात डेन्मार्कच्या तंत्राने कचरा जाळून वीज करण्याचे यंत्र बसविले गेले. रोज 300 टन जाळण्याची त्याची ताकद होती. पण दिल्लीच्या ओल्या, मातकट कचऱ्यात तेवढी उष्णताच नव्हती. जेमतेम तीन आठवडे चालून ते थंडावले. युरोपातला कचरा कागदाचा, आपला केळीच्या सालींचा, एवढी साधी गोष्ट यंत्र मागविण्यापूर्वी नमुने पुरेसे तपासले असते तर कळली असती. आता मुंबईने देवनारला रोज 600 टन कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. मुंबईची क्षेपणभूमी म्हणून 1927 पासून वापरात आलेल्या याच देवनारच्या डोंगरातून जानेवारी 2016 मध्ये उठलेला धूर शहराने अनुभवला आहे. भट्टीच्या तोंडाशी जाणारा कचरा किती सुका असेल, हे त्या परिसरातील रहिवाशांच्या फुप्फुसांशी निगडित आहे.

2016 च्या नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन नागरिकांवर घातले. मग त्या कचऱ्याचा प्रभागवार हिशेब नागरिकांना मिळू नये काय? वर्षातून निदान तीनदा, म्हणजे भर पावसाळ्यात, दिवाळीच्या खरेदीत आणि उन्हाळ्यात, प्रत्येक प्रभागातील नमुने निवडून त्यांचे आकडे विभाग कार्यालयाच्या फलकावर लागावेत. फार खर्चाचे हे काम नाही: ताडपत्री, तराजू, हातमोजे आणि योग्य वेतन मिळणारी माणसे. आसपासच्या महाविद्यालयांतील विज्ञानाचे विद्यार्थीही त्यात सामील होऊ शकतील. हिंदमात्याच्या जाळ्यांतून जूनमध्ये निघणाऱ्या गाळापासून ही निवड सुरू करता येईल; त्यात दुकानाचे वेष्टन किती, घरची पिशवी किती आणि रस्त्याच्या खोदकामाची माती किती, हे एकाच पावसाळ्यात कळेल.