हडप्पा शिकवायचे कसे?

शाळेच्या इतिहासात हडप्पा संस्कृतीचा धडा आला, की परीक्षेतील प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘हडप्पा संस्कृतीची वैशिष्ट्ये लिहा.’ उत्तरही ठरलेलेच. नियोजनबद्ध नगररचना, भाजक्या विटा, झाकलेली गटारे, महास्नानगृह, धान्याची कोठारे, मुद्रा आणि प्रमाणित वजने. सात मुद्दे, चार गुण. विद्यार्थी ते पाठ करतो, लिहितो आणि पुढच्या इयत्तेत गेल्यावर विसरतो. मात्र या वैशिष्ट्यांमागे एक भावना तेवढी मागे उरते, ती म्हणजे आपले पूर्वज फार पुढारलेले होते. ही भावना चुकीची नाही. पण तिच्या पाठीशी पुरावा नसला, तर पुढे कोणीही कोणताही दावा केला तरी तो तितक्याच सहजपणे मनात उतरतो.

वास्तविक महाराष्ट्र राज्याच्या सहावीच्या २०१६ च्या पाठ्यपुस्तकात ‘इतिहासाची साधने’ हा धडा ‘हडप्पा संस्कृती’च्या आधी घेतलेला आहे. साधने आधी, निष्कर्ष नंतर, असा हा योग्य क्रम आहे. वर्गात मात्र हे दोन धडे एकमेकांना भेटतातच असे नाही. पहिला ‘सोपा’ म्हणून उरकला जातो आणि दुसरा ‘महत्त्वाचा’ म्हणून पाठ करून घेतला जातो.

एका तज्ज्ञाचा चुकलेला अंदाज

हडप्पाच्या शोधाची हकीकत सांगितल्याशिवाय त्या संस्कृतीच्या कर्तृत्वाची कल्पना येणे कठीण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या कामासाठी हडप्पाच्या टेकाडांवरील विटा उचलून नेण्यात आल्या. सुमारे १०० मैल मार्गाला पुरतील एवढ्या विटा गेल्याची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी केली आहे. कनिंगहॅम हे भारतीय पुरातत्त्व खात्याचे संस्थापक. त्यांच्या हाती हडप्पाची एक मुद्राही आली होती. ती भारतीय नसून परकी असावी, असा त्यांचा कयास होता.

मोहेंजोदडोची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे प्रमुख देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९११-१२ मध्ये तेथे गेले होते. प्राच्यविद्यापंडित रा. गो. भांडारकर यांचे हे पुत्र स्वतःही अव्वल दर्जाचे विद्वान होते. तेथील विटा आधुनिक धाटणीच्या दिसल्याने हे अवशेष जेमतेम २०० वर्षांपूर्वीचे असावेत, असा अभिप्राय त्यांनी दिला. प्रत्यक्षात ते शहर चार हजारांहून अधिक वर्षे जुने होते. चुकीचे कारण मोठे बोलके आहे : विटा इतक्या चांगल्या होत्या, की त्या प्राचीन वाटल्याच नाहीत. हडप्पाच्या कारागिरांना याहून मोठी पावती कोणती?

पुढे दयाराम साहनी यांनी १९२१ मध्ये हडप्पा येथे, तर राखालदास बॅनर्जी यांनी त्यानंतर लगेचच मोहेंजोदडो येथे उत्खनन केले. दोन्ही ठिकाणांत सुमारे ६४० किलोमीटरचे अंतर, तरीही मुद्रा सारख्याच. त्यांचा मेळ घालून जॉन मार्शल यांनी २० सप्टेंबर १९२४ रोजी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधून या शोधाची घोषणा केली, काळ मात्र त्यांना सांगता आला नव्हता. आठवडाभरातच पश्चिम आशियाच्या अभ्यासकांनी मेसोपोटेमिया व इलाममधील वस्तूंशी असलेले साम्य दाखवून दिले आणि भारतीय नागरी जीवनाचा इतिहास एका झटक्यात दोन हजार वर्षांनी मागे गेला. तज्ज्ञ चुकतात, नवा पुरावा येतो, निष्कर्ष बदलतो. हे एका तासात सांगता येण्याजोगे आहे आणि सात मुद्द्यांपेक्षा अधिक काळ लक्षात राहणारे आहे.

विटेचे गणित, वजनाचे कोडे

‘भाजक्या विटांचा वापर’ हा मुद्दा पुस्तकात एका ओळीचा. पण ती वीट वर्गात आणली तर? हडप्पाकालीन विटेची जाडी, रुंदी व लांबी यांचे प्रमाण १ : २ : ४ असे आहे. घरांसाठी साधारण ७ × १४ × २८ सेंटिमीटर, तर तटबंदीसाठी १० × २० × ४० सेंटिमीटर. आकार बदलला तरी प्रमाण तेच. या प्रमाणाचा उपयोग गवंड्याला विचारावा. दोन विटा शेजारी शेजारी आडव्या ठेवल्या, की त्यांची एकत्रित रुंदी एका उभ्या विटेच्या लांबीएवढी होते. त्यामुळे एका थरात विटा लांबीने आणि पुढच्या थरात रुंदीने रचता येतात, सांध्यावर सांधा येत नाही आणि भिंत भक्कम होते. पुठ्ठ्याचे ठोकळे कापून सहावीच्या मुलांना हे स्वतः पडताळता येते. ते एकदा हाताने केले, की ‘प्रमाणबद्ध’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

वजनांचे कोडे याहून रंजक आहे. चर्ट नावाच्या कठीण दगडाची, घासून गुळगुळीत केलेली घनाकृती वजने शेकडोंनी सापडली आहेत. त्यांतील लहान वजनांची मालिका १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीने वाढते. पुढे १६०, २००, ३२०, ६४० असे दशमान वळण लागते. सर्वाधिक आढळणारे वजन सोळा पटीचे, सुमारे १३.७ ग्रॅमचे आहे. आता मुलांपुढे प्रश्न टाकावा : दुपटीनेच का? उत्तर ती स्वतः शोधू शकतात. पहिली सात वजने प्रत्येकी एकच असली, तरी १ पासून १२७ पर्यंतचे कोणतेही पूर्ण वजन तोलता येते. व्यापाऱ्याला कमीत कमी दगड बाळगून जास्तीत जास्त व्यवहार करता येतो.

सोळाचा आकडा ऐकून घरातील आजोबांना सोळा आण्यांचा रुपया आठवेल. १९५७ मध्ये दशमान नाणी येईपर्यंत तो चलनात होता. हे साम्य अनेक अभ्यासकांनी टिपले आहे. परंतु साम्य म्हणजे वारसा नव्हे. मधल्या हजारो वर्षांची साखळी जोडून दाखविल्याखेरीज ‘आणा हडप्पातून आला’ असे फळ्यावर लिहिता येत नाही. शिक्षकाने नेमके येथेच थांबून हा फरक सांगितला, तर इतिहासाच्या पद्धतीचा एक मोठा धडा अनायासे होतो.

मोरीपासून गटारापर्यंत

मोहेंजोदडोतील महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. विटांचे सांधे जिप्समच्या चुन्याने घट्ट बसविलेले आणि पाणी झिरपू नये म्हणून त्यामागे डांबराचा थर. ही तांत्रिक करामत खरोखरच थक्क करणारी आहे. तेथील स्नान धार्मिक विधीसाठी होते, हे मात्र अनुमान आहे. कोठाराचे तर आणखी अवघड. मोहेंजोदडोतील ज्या इमारतीला ‘धान्याचे कोठार’ म्हटले जाते, तेथे धान्य साठविल्याचा थेट पुरावा मिळालेला नाही. नाव उत्खनकांनी दिले आणि ते पुस्तकांतून कायम झाले.

महास्नानगृहापेक्षा अधिक बोलतात ती साधी घरे. घरोघरी न्हाणी, तिच्यातील उताराची विटांची फरशी, भिंतीतून बाहेर काढलेली मोरीची वाट, गल्लीतील झाकलेले गटार आणि गाळ बसण्यासाठी मध्ये मध्ये केलेले खड्डे. जर्मन अभ्यासक मायकेल यानसेन यांच्या अंदाजानुसार एकट्या मोहेंजोदडोत सुमारे ७०० विहिरी असाव्यात. शहराचे पाणी राजवाड्यापुरते नव्हते. ते सामान्य वस्तीपर्यंत पोहोचले होते. आजच्या महानगरांत टँकरची वाट पाहणाऱ्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगावयास नको.

मात्र गटार बांधले, की ते उपसावेही लागते. गाळाचे ते खड्डे कोण रिकामे करीत होते? त्या कामाचा मोबदला काय होता आणि समाजात त्यांचे स्थान कोणते? उत्खननातून याचे उत्तर मिळालेले नाही. ‘वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नात या माणसांना जागाच नसते. पण वर्गातील एखाद्या मुलाने हा प्रश्न विचारला, तर तो दिवस सार्थकी लागला असे शिक्षकाने खुशाल समजावे.

अनुत्तरित प्रश्नांचे काय?

सिंधू लिपी अद्याप वाचता आलेली नाही. इरावतम महादेवन यांनी १९७७ मध्ये सिद्ध केलेल्या सूचीत ४१७ चिन्हे आहेत. लेख अत्यंत त्रोटक, सरासरी पाच चिन्हांचे. दोन भाषांतील एकही समांतर लेख सापडलेला नाही, त्यामुळे इजिप्तच्या लिपीला रोझेटा शिलालेखाने जे दार उघडले ते येथे बंदच राहिले. ही लिपीच नव्हे, केवळ चिन्हे आहेत, असेही मत २००४ मध्ये मांडले गेले आणि त्यावर मोठा वाद झाला. तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी जानेवारी २०२५ मध्ये ही लिपी उलगडणाऱ्यास दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. ‘लिपी वाचली’ असे दावे अधूनमधून प्रसिद्ध होतातच. विद्वानांची सर्वसाधारण मान्यता त्यांपैकी एकालाही लाभलेली नाही.

तीच गोष्ट राज्यकर्त्यांची. राजवाडा किंवा राजाची समाधी म्हणून निःसंशय दाखविता येईल अशी वास्तू नाही. मेसोपोटेमियाच्या लेखांत ‘मेलुह्हा’ या देशाच्या जहाजांचा उल्लेख येतो. हा देश म्हणजे सिंधूचे खोरे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथील एका मुद्रेवर तर मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी म्हणून शू-इलिशू या इसमाची नोंद आहे. भाषा आपल्याला ठाऊक नाही, पण तिच्या दुभाष्याचे नाव ठाऊक आहे! मुलांना सांगण्याजोगी याहून चांगली गोष्ट शोधूनही सापडणार नाही.

नावाचा आणि रक्ताचा वाद

शिक्षकाची खरी कसोटी पुढे आहे. ‘एनसीईआरटी’च्या सहावीच्या २०२४ च्या नव्या पुस्तकात या संस्कृतीसाठी ‘सिंधू-सरस्वती’ हेही नाव आले. घग्गर-हाक्राच्या पात्रालगत मोठ्या संख्येने वसाहती आहेत, हे निर्विवाद. ती नदी त्या काळी बारमाही होती काय, हा प्रश्न निराळा. सतलजने हा प्रवाह हडप्पा नगरांच्या बऱ्याच आधी सोडला होता, असे २०१७ च्या एका संशोधनाने सांगितले. तर सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत तो बारमाही होता, असे २०१९ च्या दुसऱ्या संशोधनाने. दोन्ही निबंध मान्यवर नियतकालिकांतील आहेत.

त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे माजी कुलगुरू डॉ. वसंत शिंदे व सहकाऱ्यांनी हरियाणातील राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातील ‘डीएनए’चा अभ्यास प्रसिद्ध केला. ६१ नमुन्यांपैकी एकाच नमुन्यातून उपयुक्त माहिती मिळाली आणि तिच्यात मध्य आशियाई स्टेप प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळला नाही. सुमारास प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या व्यापक अभ्यासाने तो अंश इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियात आल्याचे म्हटले. काही लेखक दोन्ही निबंधांत समान आहेत. बारावीच्या पुस्तकात २०२४ मध्ये राखीगढीच्या आधारे मजकूर बदलण्यात आला आणि वाद पेटला. वर्गात दोन्ही निबंधांचे निष्कर्ष शेजारी शेजारी मांडले, तर विद्यार्थ्यांना बाजू घेण्याची घाई करावी लागणार नाही. ‘आर्यांच्या आक्रमणा’चा मोहेंजोदडोतील सांगाड्यांवर आधारलेला जुना सिद्धान्तही १९६० च्या दशकात पुराव्यानेच मोडीत निघाला होता, हेही येथे सांगावे.

दायमाबादचा रथ

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला यासाठी सिंधपर्यंत जावे लागत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तेथील उत्खननात उत्तर हडप्पा काळाचा थर मिळाला. सिंधू चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्राही मिळाल्या. १९७४ मध्ये तेथे एका शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार कांस्यशिल्पे सापडली : बैलजोडीचा रथ व त्यावर उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोहून अधिक.

शिल्पे अप्रतिम आहेत. पण ती उत्खनकांच्या देखरेखीखाली, मातीच्या ठरावीक थरातून निघालेली नाहीत. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी ती उत्तर हडप्पा काळातील मानतात, कोणी धातूच्या घटकांकडे बोट दाखवून शंका घेतात. पुराव्याच्या जागेला एवढे महत्त्व का, हे समजावण्यासाठी दायमाबादइतके जवळचे उदाहरण नाही. मुलांकडून वर्गात करून घेण्यासारखे साधे काम आहे. काचेच्या बरणीत वेगवेगळ्या रंगांच्या मातीचे थर भरावेत, प्रत्येक थरात एकेक वस्तू पुरावी आणि एका गटाला थरानुसार, तर दुसऱ्या गटाला बरणी पालथी करून त्या काढावयास सांगाव्यात. मग दोन्ही गटांना एकच प्रश्न विचारावा : यातील सर्वांत जुनी वस्तू कोणती?