चांगला कान कोणाचा?

कानाच्या तपासणीचा अहवाल हातात आला की आपण एवढंच पाहतो, की आलेख शून्याच्या किती खाली घसरला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. हे शून्य तरुण, निरोगी कानांवरून ठरवलेलं आहे. मग साठीच्या निरोगी माणसाचा कान कुठे असायला हवा? आणि बाईचा नि पुरुषाचा एकाच जागी असेल का? या प्रश्नांचा माग काढत गेलं की आपण दीडशे वर्षं मागे पोचतो.

१८७६ च्या सुमारास इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने अतिशय बारीक आवाजाची शिट्टी बनवली. पोकळ काठीच्या टोकाला ती बसवून, मुठीतला रबरी फुगा दाबत तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनावरांचे कान पारखत फिरे. माणसांवर वापरल्यावर दिसलं, की वय वाढतं तसे उंच स्वर आधी हरवतात. आणि ज्यांचे हरवले, त्यांना त्याचा पत्ताही नसतो. पुढे १८९० च्या दशकात उट्रेख्टच्या झ्वार्डेमाकरने याची शिस्तीत मोजदाद केली.

१९२० च्या दशकात ऑडिओमीटर आला आणि आकडे डेसिबलमध्ये बोलू लागले. १९३९ साली न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनांत बेल टेलिफोनने चाचणीचे कक्ष उभारले. लाखो लोकांनी रिसीव्हर कानाला लावून आपला कान तपासून घेतला. उंच स्वरांत पुरुष बायकांच्या मागे पडतात, हे तिथे ठळक दिसलं.

पण हे सगळे निरोगी होते का? माझ्या मते या साऱ्या इतिहासाची खरी मेख इथेच आहे. कारखान्यातला खडखडाट, बंदुकीचे बार, लहानपणी फुटलेला कान, हे सगळं ‘वय’ आणि ‘पुरुष’ या दोन रकान्यांत जमा होत होतं. १९५९ आणि १९६३ मध्ये जॉन कोर्सोने माणसं पारखून घेतली. तरी फरक उरलाच. सॅम्युएल रोझेनने सुदानमधल्या शांत मुलुखात राहणाऱ्या माबान लोकांचे कान तपासले, १९६२ मध्ये निष्कर्ष छापले. तिथले म्हातारे अमेरिकेतल्या समवयस्कांपेक्षा कितीतरी चांगलं ऐकत होते.

निरोगी कानांच्या अशा नोंदी एकत्र करून १९८४ मध्ये आयएसओ ७०२९ हे मानक निघालं. त्याच्या सूत्राने ४००० हर्ट्झवरचा हिशेब करून पाहिला: अठराव्या वर्षाच्या तुलनेत साठीचा मधला पुरुष सुमारे २८ डेसिबल घसरलेला, बाई सुमारे १६. १००० हर्ट्झवर मात्र दोघेही सातवरच. म्हणजे हाक ऐकू येते, पण ‘स’, ‘श’सारखी बारीक व्यंजनं निसटतात. घरातली ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ ही तक्रार नेमकी हीच.

१९९५ मध्ये बाल्टिमोरमधल्या एका अभ्यासाने तीच माणसं वर्षानुवर्षं तपासून दाखवलं, की गोंगाटाने बिघडलेले कान वगळले तरी पुरुषांची घसरण बायकांच्या दुपटीहून वेगवान असते. त्याआधी, १९८० मध्ये जर्गर आणि हॉल यांनी मेंदूकडे जाणाऱ्या विद्युत लहरी मोजल्या होत्या. या चाचणीत बटण दाबायचं नसतं, त्यामुळे लक्ष असण्या-नसण्याचा प्रश्न येत नाही. या लहरींपैकी पाचवी लहर बायकांमध्ये सुमारे ०.२ मिलिसेकंद लवकर आली, आणि ती मोठीही होती. पंचवीस ते पंचावन्न या वयात तिला यायला साधारण तेवढाच उशीर होत जातो. म्हणजे सगळा दोष गिरणीच्या भोंग्यावर ढकलता येत नाही.

या आकड्यांचा एक वापर मला बोचतो. अमेरिकेत १९८३ च्या नियमांनी कामगाराच्या श्रवणहानीतून वयाचा वाटा वजा करायची मुभा मालकांना दिली. पुरुष आणि बायकांचे तक्ते वेगळे. सरासरी आकडा एकट्या माणसाला असा लावता येत नाही, आणि १९९८ मध्ये तिथल्याच नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने ही वजावट करू नये असं बजावलं. २०१७ मध्ये आयएसओ ७०२९ हे मानक सुधारलं तेव्हा नव्या पिढीतल्या पुरुषांचे आकडे पूर्वीपेक्षा बरे निघाले. ‘वय’ म्हणून ज्याची नोंद झाली, त्यात परिस्थितीचा हात होता, हे मला यातून पटतं.

तेव्हा आईच्या किंवा वडिलांच्या अहवालावर ‘वयाच्या मानाने ठीक’ असं लिहून आलं, तर फाइल बंद करू नका. शब्द ओळखण्याची चाचणी झाली का, ते ऑडिओलॉजिस्टला विचारा. झाली नसेल तर करून घ्या, आणि गरज असेल तर श्रवणयंत्र लावायला उशीर करू नका.