चाक किती बाहेर?

जून सरत आला की राळेगावच्या रस्त्याकडेच्या एका छोट्या गॅरेजसमोर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. बिघाड कशातच नसतो. पेरलेली पराटी, म्हणजे कपाशी, वर आलेली असते, काही दिवसांत डवरणी, म्हणजे कोळपणी, करायची असते आणि त्याआधी मागची चाकं बाहेर काढून घ्यायची असतात.

“यंदा किती?” मिस्त्री विचारतो.

“तीन फूट.”

एवढ्यावर काम सुरू होतं. मोजायचं ट्रॅक्टरच्या नव्हे, पिकाच्या हिशोबाने. दोन तासांमधलं, म्हणजे ओळींमधलं, अंतर तीन फूट, म्हणजे ३६ इंच. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर ५२ इंच आणि टायर १२.४ इंच रुंद. एक तास पोटाखाली घेऊन ट्रॅक्टर चालला, तर शेजारच्या तासापासून टायरची कड जेमतेम पावणेचार इंचांवर येते. बांधाशी ट्रॅक्टर जरा हलला की रोपं चिरडलीच. तेच अंतर ७२ इंच केलं की पोटाखाली दोन तास येतात, चाक बरोबर दोन तासांच्या मधोमध पडतं आणि दोन्ही बाजूंना पावणेबारा इंच मोकळे राहतात.

ही सोय कारखान्यातूनच येते. कॉव्हेंट्रीत १९४६ पासून बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरची मागची चाकं ४८ ते ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांच्या टप्प्यांनी सरकवता येत. आपल्याकडच्या मॅसी फर्ग्युसनचं मूळ घराणं तेच. युक्ती साधी आहे. रिमच्या आतल्या बाजूला कान असतात आणि मधली ताटली त्यांना बोल्टने जोडलेली असते. ताटली कानाच्या आतून लावायची की बाहेरून, सुलट की उलट, यावर अंतर ठरतं. मिस्त्री धुरीखाली लाकडी ठोकळे सरकवतो, जॅक काढून घेतो, आणि दोघं मिळून डावं चाक उजवीकडे गडगडत नेतात. ताटली उलटायला अख्खं चाक फिरवलं तर टायरची नक्षी उलट्या दिशेला जाते. म्हणून बाजूच बदलायच्या. मागचं झालं की पुढच्या धुरीच्या नळ्या बाहेर ओढायच्या, स्टिअरिंगचे दांडे त्या मापाला आणायचे. पराटी गुडघ्याला लागेपर्यंत हे सगळं उपयोगाचं. पुढे ट्रॅक्टरचं पोट शेंडे मोडायला लागतं आणि बैलजोडी पुन्हा वावरात शिरते.

असं एक चाक अधांतरी असतानाच दारात जुनी जिप्सी येऊन थांबते. पाट्यांच्या टोकांना लांब शॅकल घालून गाडी दोन इंच उचललेली, टायर मोठे, सीटवर एक खोकं. खोक्यात अॅल्युमिनियमचे चार स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये घालायच्या चकत्या, २५ मिलिमीटर जाडीच्या.

“हे बसवून द्या, काका.”

मिस्त्री स्पेसर हातात घेऊन उलटासुलटा बघतो. “कायले?”

“चाकं घासतात. आणि गाडी रुंद दिसते.”

“घासते कुठी, थे दाखव आधी.”

जिप्सीचं एक चाक बांधाएवढ्या मातीच्या ढिगावर चढवलं जातं, म्हणजे पाटे दबतात आणि खरी जागा कळते. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं जातं. मिस्त्री ओल्या काळ्या मातीचा गोळा टायर आणि पाट्याच्या मध्ये दाबतो. पुढे-मागे करून पाहिलं, तर सरळ चाकाला गोळा जाडच राहतो. शेवटच्या वळणावर मात्र कागदासारखा चपटा होतो. ही माती पावसात टायरला थरावर थर चिकटते, त्यामुळे कोरड्या दिवशी पुरणारी फट इथे पुरत नाही.

मग स्पेसरची तपासणी. जिप्सीला पाच बोल्ट, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. रिमच्या मधलं भोक १०८ मिलिमीटर. स्पेसर हबवर नीट बसून चाक केंद्रात धरायला हवा, नाहीतर सगळा भार बोल्टांवर येतो. पातळ स्पेसर मूळ बोल्टांवरच सरकवतात, पण त्याच्या जाडीएवढी आट्यांची पकड कमी होते. बारा मिलिमीटरच्या बोल्टावर नटाचे दहा वेढे तरी बसले पाहिजेत. जाड स्पेसर आधी हबला पिळायचा आणि चाक त्याच्या स्वतःच्या बोल्टांवर लावायचं. तिथे मूळ बोल्टांची टोकं बाहेर डोकावली, तर रिम टेकतच नाही. शिवाय पन्नास-शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पाना घेऊन सगळं पुन्हा तपासायचं, आणि आतले नट बघायला दर वेळी चाक उतरवायचं.

रुंदीचा फायदा खोटा नाही. डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या जिप्सीच्या पुढच्या चाकांमधलं अंतर १,२१० मिलिमीटर होतं. १९९३ मध्ये मारुतीने ते दोन्ही धुऱ्यांवर ९० मिलिमीटरने वाढवलं आणि त्या गाडीच्या नावाला रुंद चाकमार्गाचा ‘डब्ल्यू’ जोडला. पण तिथे धुरीच बदलली होती. स्पेसरमध्ये धुरी आणि बेअरिंग जुनीच राहतात आणि भार इंचभर लांब लटकतो. ट्रॅक्टर बनवणाऱ्याने तो भार आधीच हिशोबात धरलेला असतो.

कलंडण्याचं गणित चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याची दुप्पट उंची असं असतं. १,३०० मिलिमीटर अंतर असलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य ६५० मिलिमीटरवर धरला, तर उत्तर १ येतं. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेला की ०.९३. दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटरचे स्पेसर लावले की ०.९६, म्हणजे गमावलेलं निम्मंच परत मिळतं.

कायद्याचा प्रश्न आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं.

“किती बाहेर पायजे, थे याले पराटी सांगते,” मिस्त्री ट्रॅक्टरकडे बोट दाखवतो. “तुयी गाडी काय सांगते? आखरीच्या वळणावर घासतो मनते. बस.”

तो पुढच्या चाकाच्या आत पाना घालतो. स्टिअरिंग किती वळावं हे ठरवणारा अटकावाचा बोल्ट तिथे असतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन आटे बाहेर, वरून नट घट्ट. नवा गोळा दाबून पाहिला, तर बोटभर जाड निघतो. गाडी आता थोडी मोठी फेरी घेणार. बांधाशी वळवताना एकदा जास्त मागे घ्यावी लागणार.

खोकं परत सीटखाली जातं. मिस्त्री हात पुसतो आणि ट्रॅक्टरच्या राहिलेल्या चाकाकडे वळतो. त्याचे अजून सहा बोल्ट पिळायचे आहेत.