दाढ काढली तरी कळ थांबेना : चेहऱ्याच्या नसेचं दुखणं समजून घेऊ या

आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या अम्मी, वय साठच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गालात कळ यायला लागली. घास चावला की करंट बसल्यासारखा झटका, आणि काही सेकंदांत सगळं शांत. घरच्यांना वाटलं दाढ किडली असेल. एक दाढ काढली. महिन्याभराने दुसरी. कळ जिथल्या तिथेच. शेवटी वजूसाठी तोंडावर पाणी घ्यायलाही त्या घाबरू लागल्या, तेव्हा कुणीतरी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. आजाराचं नाव निघालं ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया.

सलमान खान यांनी आपल्याला हाच त्रास असल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं, म्हणून हे नाव अनेकांच्या कानावर असेल. पण घरात कुणाला झाला तर ओळखायचा कसा, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यातली पाचवी चेहऱ्याची. तिला तीन फांद्या : एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. दुखणं बहुधा खालच्या दोन फांद्यांत असतं, म्हणूनच दाताचा भास होतो.

मुळात बिघडतं काय? विजेच्या वायरवर प्लास्टिकचं वेष्टन असतं ना, तसं नसेवरही असतं. बऱ्याच रुग्णांत मेंदूजवळची एखादी रक्तवाहिनी नसेच्या मुळाला टेकलेली असते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तिच्यावर आपटत राहते. वर्षानुवर्षं असं झालं की वेष्टन झिजतं. मग साधा स्पर्शसुद्धा मेंदूला भयंकर वेदना म्हणून पोचतो. त्यामुळेच हा आजार पन्नाशीनंतर जास्त दिसतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये अधिक. काही जणांत मात्र कारण वेगळं असतं : गाठ, किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणून एकदा एमआरआय करावाच लागतो. वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल किंवा गाल बधिर झाला असेल, तर अजिबात टाळू नये.

दाताचं दुखणं ठणकतं, तासन्‌तास राहतं, रात्री झोपू देत नाही. नसेची कळ सेकंदांची, फार तर दोनेक मिनिटांची. पण दिवसात कितीतरी वेळा. दात घासणं, बोलणं, दाढी करणं, गार वारा, नकाबचं कापड गालाला घासणं, एवढंही पुरतं. आधी दाताच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. पण एक्स-रेमध्ये दात चांगला दिसत असेल तर तो काढायची घाई करू नका, आधी न्यूरोलॉजिस्टचं मत घ्या. घरातल्यांनीही ‘एवढं काय दुखतंय, नाटक आहे’ असं म्हणू नये. माणूस दुखण्याच्या धास्तीने जेवण सोडतो, बोलणं सोडतो.

साध्या पेनकिलरने ही कळ जात नाही. पहिलं औषध कार्बामाझेपिन. या आजारावर ते 1960 च्या दशकापासून वापरात आहे. ही गोळी मिरगीवरही दिली जाते, आणि इथेच आपल्याकडे गडबड होते. केमिस्ट सहज बोलून जातो, ‘ही तर मिरगीची गोळी’, की घरात कुजबुज सुरू आणि गोळ्या बंद. मिरगी झाली म्हणून ती दिलेली नसते. नसेचा भडका ती शांत करते. डोस हळूहळू वाढवतात. सुरुवातीला गुंगी, चक्कर येते. रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, म्हणून तपासण्या सांगतात. अंगावर पुरळ उठलं किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गरोदर असाल किंवा मुलाचा विचार असेल तर आधीच सांगा.

रमजानमध्ये दुपारची गोळी परस्पर गाळू नका. डॉक्टरांना महिनाभर आधी भेटलं तर सहरी आणि इफ्तारला बसेल अशी हळूहळू विरघळणारी गोळी देता येते का, ते पाहतात. वजूला कोमट पाणी वापरून बघा. तेही सोसत नसेल तर शरीअतमध्ये आजारी माणसाला सवलत आहे. मसह की तयम्मुम, हे आपल्या आलिमांना विचारा. दम करून घ्यायचा तर घ्या, पण गोळी चालू ठेवून.

औषध लागू पडेना किंवा सोसेना, तर ऑपरेशन आहे. कानामागे छोटं छिद्र करून रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनची बारीक गादी ठेवतात. ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यासाठी सुईने नस शेकणं किंवा गॅमा नाइफ किरणांचा पर्याय असतो. त्यात गाल थोडा बधिर राहू शकतो आणि काही वर्षांनी दुखणं परतू शकतं. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी विचारा.

त्या अम्मींना गोळीच लागू पडली. आता त्या पूर्वीसारखं जेवतात. फक्त काढलेल्या दोन दाढांच्या जागी नवे दात बसवायचे की नाही, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.