खास ठरावाची परीक्षार्थी

विलायतेत शिकलेल्यांची गोष्ट निघाली की रँग्लर परांजपे, बाबासाहेब आंबेडकर, चिंतामणराव देशमुख ही नावे ओळीने येतात. त्यांच्या कथा वाचकांना पाठ आहेत. पण या सगळ्यांच्या आधी, १८८९ मध्ये, नाशिकला जन्मलेली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली एक मुलगी ऑक्सफर्डला पोहोचली होती. ‘हिंदुस्थानातली पहिली स्त्री वकील’ एवढ्या एका ओळीत कॉर्नेलिया सोराबजीची बोळवण होते. त्या काळचे ब्रिटिश विद्यापीठ आतून कसे चालत असे, हे मात्र तिच्या ऑक्सफर्डमधल्या वर्षांतून लख्ख दिसते.

वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक, आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवणारी. डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया पहिली आली. त्या क्रमांकाबरोबर विलायतेच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती मुलगी म्हणून तिला नाकारली गेली. काही काळ तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवले. १८८८ मध्ये लेडी हॉबहाउस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून तिच्यासाठी मदतीचे आवाहन केले. पैसे देणाऱ्यांत फ्लोरेन्स नाइटिंगेलही होती. पुढे १८९६ मध्ये परांजपे केंब्रिजला गेले ते सरकारी शिष्यवृत्तीवर. गुणवत्ता दोघांचीही वादातीत होती, पण एकाला हक्काने मिळाले ते दुसरीला वर्गणीतून मिळाले.

ऑक्सफर्डमध्ये ती ज्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली, तो स्त्रियांसाठीचा हॉल तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. साडी नेसणारी ही विद्यार्थिनी तिथल्या जेवणावळींत आणि चहापानांत कौतुकाचा विषय झाली. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी तिला आपल्या वर्तुळात ओढून घेतले. तिला मात्र कौतुकापेक्षा कायदा हवा होता. आधी तिला इंग्रजी साहित्याकडे वळवले गेले. हट्ट धरून, जोवेट यांच्या पाठबळावर तिने कायद्याचा अभ्यासक्रम मिळवला. ऑल सोल्स हे पुरुषांचे कॉलेज. तिथल्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचण्याची मुभा तिला वॉर्डन सर विल्यम अ‍ॅन्सन यांनी दिली. त्याआधी तिथे कोणा स्त्रीला वाचक म्हणून प्रवेश मिळाला नव्हता.

खरा तंटा झाला १८९२ च्या परीक्षेत. बी.सी.एल. म्हणजे ऑक्सफर्डची कायद्याची उच्च पदवी, आणि तिची परीक्षा तोवर कुठल्याच स्त्रीने दिली नव्हती. लंडनहून येणाऱ्या परीक्षकाने स्त्रीची उत्तरे तपासायला नकार दिला. मग तडजोड निघाली: तिने सॉमरव्हिलमध्येच, वेगळ्या खोलीत, देखरेखीखाली उत्तरे लिहावीत. कॉर्नेलियाने ती मानली नाही. पुरुष जिथे बसतात तिथेच, त्यांच्याबरोबर बसेन, असा तिचा आग्रह होता. जोवेट यांनी शब्द टाकला आणि अगदी परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठाच्या सभेने तिच्यासाठी खास ठराव मंजूर केला.

निकालात तिला तिसरा वर्ग मिळाला. तो तिला फार लागला. तिच्या चरित्रकथांत हा वर्ग पुष्कळदा हळूच गाळला जातो. तसे करण्याचे काहीच कारण नाही. आपण परीक्षेला बसणार की नाही, हेच ज्या परीक्षार्थीला शेवटपर्यंत कळत नव्हते, तिचा तिसरा वर्ग लपवण्यासारखा नाही.

आणि पदवी? ती मिळालीच नाही. परीक्षा देता येई, उत्तीर्ण होता येई, पदवी मात्र स्त्रियांना दिली जात नसे. केंब्रिजचीही तीच तऱ्हा. १८९० मध्ये न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेटने गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लरलाही, म्हणजे पुरुषांत पहिल्या आलेल्यालाही, मागे टाकले. पण तो किताब पुरुषालाच मिळाला आणि ती पदवीविना राहिली. ऑक्सफर्डने १९२० मध्ये नियम बदलला. केंब्रिजला त्यासाठी १९४८ उजाडावे लागले.

मधल्या काळात कॉर्नेलिया स्वस्थ बसली नाही. १८९६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात खुनाच्या खटल्यात ती आरोपीच्या बचावाला उभी राहिली. १९०४ पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्सची, म्हणजे स्वतः कारभार पाहू न शकणाऱ्या वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याची, कायदेशीर सल्लागार म्हणून बंगालकडच्या पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसाठी ती झगडली. १९२२ मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी, तिने बी.सी.एल.ची पदवी हाती घेतली.

मग ती विस्मरणात का गेली? एक कारण तिच्या राजकारणात आहे. ती साम्राज्याची समर्थक होती, गांधीजींची विरोधक होती आणि हिंदुस्थानी समाजावर झोड उठवणाऱ्या अमेरिकन लेखिका कॅथरिन मेयोच्या बाजूची होती. ही मते चुकीची होती, हे निःशंक म्हणावे. पण त्यांच्यापायी तिची विद्यार्थिदशा पुसून टाकणे हा वेगळा अन्याय आहे.

ऑक्सफर्डहून तिने घरी, पुण्याला, नेमाने पत्रे लिहिली. तिचे कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुतणे रिचर्ड सोराबजी यांनी २०१० मध्ये इंग्रजीत तिचे चरित्र लिहिले. आता पुण्यातल्या एखाद्या विद्यापीठाने किंवा प्रकाशकाने ती ऑक्सफर्डची पत्रे टिपांसह, निवडून, मराठीत आणावीत. दरवर्षी इथून ब्रिटनला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती ती पडायला हवीत.