मत तिचं, वही गटाची

युसूफ वडगावहून तुमची गट समन्वयक बोलतेय.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत वाद झाला. गटाची सचिवताई एका साखरपुड्यात बोलली होती, "पोरगी पंधराची आहे, लग्न करू नका." बैठकीत दोघीतिघी म्हणाल्या, "हिला पदावरून काढा, गटाचं नाव खराब होतं." मी विचारलं, "हिशेबात चूक आहे का?" नाही. "गटाच्या नावानं बोलली का?" तेही नाही. मग काढायचं कशासाठी?

पत्रकारांवरही हीच वेळ येते. बातमी चोख देणारी एखादी पत्रकार स्वतःच्या मोबाइलवर आपलं मत लिहिते. लोक चिडतात आणि मालक तिला घरी बसवतो. तुम्ही म्हणाल, संविधानानं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय ना? दिलंय, कलम १९ मध्ये. पण तो हक्क मुख्यतः सरकारपुढे चालतो. खाजगी मालकाशी पत्रकाराचं नातं नोकरीच्या कराराचं असतं. म्हणून १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी वेगळा कायदा झाला. कामावरून कमी करायचं तर संपादकाला सहा महिन्यांची आणि इतर पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस द्यावी, असं त्यात होतं. मनाला पटत नाही म्हणून नोकरी सोडणाऱ्या पत्रकारालाही, तीन वर्षं काम झालं असेल तर, ग्रॅच्युइटीचा हक्क पुढे त्यात आला.

न पटणाऱ्या मताची किंमत आपल्याकडे फार जुनी आहे. गोपाळ गणेश आगरकर १८८१ साली सुरू झालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक. बालविवाह नको, मुलींना शिकवा, विधवांचं लग्न होऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. टिळकांशी आणि इतर सहकाऱ्यांशी यावरून पटेना. त्यांना कुणी काढलं नाही, पण १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडलं आणि पुढच्या वर्षी स्वतःचा 'सुधारक' काढला. पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, ते गेले. तेव्हा ज्या मतावर लोक खवळले, त्याच वाटेनं पुढे आपण शाळेत गेलो. आज गटाच्या वहीवर अंगठ्याऐवजी सही करतो.

मालकाचीही एक बाजू आहे बरं का. निवडणुकीची बातमी देणारीच एखाद्या उमेदवाराचा प्रचार करू लागली, तर तिच्या बातमीवर विश्वास कोण ठेवणार? खोटं पसरवणं, लोकांना एकमेकांच्या अंगावर घालणं, याला मत म्हणत नाहीत. तिथं जाब विचारलाच पाहिजे. पण तोही आधी तिचं ऐकून, लेखी कारण देऊन. दहा जणांचे फोन आले म्हणून एका रात्रीत काढणं हा न्याय नव्हे. एकीला काढलं की बाकीच्या आपोआप गप्प बसतात. मग आपल्या गावातला बालविवाह, रेशनचा घोळ, कोण लिहिणार?

म्हणून कुणाला काढायच्या आधी तीन गोष्टी विचारा. तिनं कामात कसूर केली का? खोटं बोलली का? आपलं मत सगळ्यांचं म्हणून सांगितलं का? तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं, तर तिच्याशी वाद घाला, हवं तर कडकडून भांडा. पण तिची भाकर हिसकावू नका.

आमची सचिवताई आजही सचिव आहे. त्या दोघीतिघी अजून तिच्याशी भांडतात, आणि हप्ता मात्र तिच्याच हातात देतात.