दुष्काळ ठरतो कसा?

आमच्या कमिटीस वर्गणी देणारे व्यापारी व जमीनदार गृहस्थ एक प्रश्न नेहमीं विचारतात, व तो रास्त आहे: सरकार असतां खासगी फंडाची गरज काय? त्याचा खुलासा कायद्याच्या अंगानें करणें आम्हांस अवश्य वाटतें.

पाऊस न पडणें ही निसर्गाची गोष्ट. दुष्काळ ठरणें ही मात्र सरकारी ठरावाची गोष्ट आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर कमिशन बसलें व १८८३ सालीं फॅमिन कोड तयार झालें. पुढें पिकाची आणेवारी (नाणें बदलल्यावर पैसेवारी) पाहून सारा तहकूब वा माफ करण्याचा क्रम पडला. १९६३ सालीं तर महाराष्ट्र विधिमंडळानें खास कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्दच काढून टाकला व त्या जागीं 'टंचाई' आणली! म्हणून १९७२ चा दुष्काळ यावयाचा राहिला नाहीं. त्या अनुभवांतून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. त्याच्या खर्चासाठीं व्यवसायकर व बागाईत जमिनीवरील पट्टी यांचा आधार घेतला गेला. म्हणजे आमचे वाचक ह्या कामाचे जुने भागीदारच होत.

२०१६ च्या केंद्रीय नियमावलीनें पाऊस, जमिनींतील ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवळ इत्यादि नवीं प्रमाणें घालून दिलीं. प्रमाणें सुधारलीं खरीं, वेळ मात्र सुधारली नाहीं. २०२३ चा ऑगस्ट हा देशांत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला; महाराष्ट्रांत ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ३१ ऑक्टोबरला. इतर कित्येक महसूल मंडळांच्या वांट्यास पुढें 'दुष्काळसदृश' हें विशेषण आलें. हवामान पालटतें आहे त्याची रीत बहुधा हीच: वर्षाची सरासरी कागदावर बरी दिसते, आणि ऐन पीक भरण्याच्या वेळीं पाऊस तीन-चार आठवडे ओढ देतो. सरासरीवर चालणाऱ्या कारभारास असा खंड उशिरां दिसतो.

पाऊस थांबणें व ठराव निघणें यांच्या मधले हे आठवडे, तेंच आमच्या फंडाचें क्षेत्र. याच दिवसांत शेतकरी जनावरें बाजारास नेतो. एकदां विकलेला बैल मागाहून मिळालेल्या सवलतीनें गोठ्यांत परत येत नाहीं. भूमिहीन मजुराचें तर नांवच सातबाऱ्यावर नसतें, मग नुकसानीच्या यादींत तें यावें कोठून?

सबब विनंति कीं, वर्गणी पावसाळ्याच्या आरंभींच जमा करावी, म्हणजे कडबा महागण्यापूर्वीं खरेदी करतां येईल. रोख देणें सोयीचें नसल्यास धान्य, गवत किंवा वाहतुकीस ट्रक द्यावा. जमाखर्च छापून सर्व देणगीदारांस पाठविला जाईल.